ईसीएचएस, पॉलिक्लिनिक आणि गावाकडचा माजी सैनिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सैन्याच्या सिग्नल्समधून रिटायर झालो, सातारा जिल्ह्यात राहतो आणि आमच्या भागातल्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या घरच्यांची दवाखान्याची कागदं बघतो. फोनवर तेच ते प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो. योजना चांगली आहे, पण ती शहरात राहणाऱ्या आणि कागद हातात तयार असलेल्या माणसाला धरून बांधलेली आहे, गावातल्या म्हाताऱ्या जवानापर्यंत आणि त्याच्या बायकोपर्यंत ती पोचता पोचता दमते. नियम बदलत राहतात त्यामुळे पैशाची किंवा मुदतीची गोष्ट असेल तर पॉलिक्लिनिकला एकदा विचारून घ्या.

ईसीएचएस म्हणजे नक्की काय, आणि मी त्यात आहे की नाही हे कसं कळणार?

1 एप्रिल 2003 ला सुरू झालेली माजी सैनिकांची आरोग्य योजना. तुमच्या जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये ओपीडी आणि औषधं, आणि मोठं काही असेल तर तिथून चिठ्ठी घेऊन योजनेशी करार केलेल्या प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये कॅशलेस उपचार. खर्चाला वरची मर्यादा नाही, आधीपासूनचा आजार असला तरी चालतो, आणि दरवर्षी हप्ता भरायचा नाही. बाजारातली कुठलीही मेडिक्लेम पॉलिसी एवढं देत नाही, म्हणून कितीही वैताग आला तरी ही योजना सोडू नका.

1 एप्रिल 2003 नंतर पेन्शनवर आलेल्यांची वर्गणी रिटायर होतानाच कापून घेतात. हवालदारापर्यंत 30,000, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) 67,000 आणि ऑफिसरना 1,20,000 रुपये, हे दर 2017 च्या शेवटी ठरलेले. वॉर्डही रँकनुसार, म्हणजे जनरल, सेमी प्रायव्हेट, प्रायव्हेट. 2003 च्या आधी घरी आलेल्यांना मात्र आपणहून मेंबर व्हावं लागतं, आणि गडबड इथंच आहे. आमच्याकडं 71 ची लढाई बघितलेले लोक आहेत ज्यांना आजही वाटतं की पेन्शन चालू आहे म्हणजे दवाखानाही आपोआप चालू असणार. तसं नसतं. बरं 1 जानेवारी 1996 च्या आधी रिटायर झालेल्यांना आणि वीरपत्नींना वर्गणी माफ आहे, म्हणजे एक रुपया न भरता कार्ड मिळतं, तरी कितीतरी घरात ते काढलेलंच नाही. पेन्शनमध्ये महिन्याला 1,000 रुपये मेडिकल अलाउन्स येत असेल तर बहुतेक तुम्ही मेंबर नाही. मेंबर झाल्यावर ते हजार बंद होतात म्हणून काही जण टाळतात, पण एका अँजिओप्लास्टीचा खर्च डोळ्यासमोर आणा आणि मग ठरवा.

पॉलिक्लिनिक घरापासून खूप लांब आहे. प्रत्येक वेळी जावंच लागतं का?

हाच सगळ्यात मोठा प्रश्न आणि याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडंही नाही. पॉलिक्लिनिक बहुतेक जिल्ह्याच्या गावी नाहीतर छावणीच्या गावी. जावळीतल्या किंवा पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरून साताऱ्याला यायचं म्हणजे पहाटे उठून फाट्यापर्यंत चालत, पहिली एसटी, मग रिक्षा. पोचेपर्यंत टोकन घेतलेल्यांची रांग लागलेली असते, मग बीपी बघणार, मग डॉक्टर, मग औषधाची खिडकी, आणि खिडकीवर कळतं की तीन गोळ्यांपैकी दोन आहेत. दुपारची गाडी चुकली की संध्याकाळ. शुगर असलेला माणूस या सगळ्यात उपाशी असतो. हे मी वाढवून सांगत नाही, कुठल्याही सोमवारी जाऊन बघा.

तरी काही गोष्टी करता येतात. बीपी, शुगर, थायरॉईड अशा कायमच्या औषधांसाठी एका वेळी महिनाभराची गोळी मागा. डॉक्टर बदलला तरी अडू नये म्हणून आपली ओपीडीची वही जपा. सोमवार टाळा, आणि पेन्शनच्या दिवसांत कॅन्टीनला आलेली मंडळी पॉलिक्लिनिकलाही येतात म्हणून ते दिवसही टाळा. एसटीत 75 च्या वरच्यांना प्रवास फुकट आहे, 65 ते 74 ला अर्धं तिकीट आणि बायकांनाही अर्धं, त्यासाठी आधार कार्ड बरोबर ठेवा.

दुसरं म्हणजे तुमचं पेरेंट पॉलिक्लिनिक, म्हणजे जिथं तुमचं कार्ड नोंदलेलं आहे ते, जिल्ह्याप्रमाणेच असलं पाहिजे असं काही नाही. चंदगडच्या लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव सोयीचं पडतं, राज्य वेगळं असलं म्हणून काय झालं, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटरच तिथं असल्यानं अनेकांची कागदपत्रंही तिकडंच आहेत. जवळचं पॉलिक्लिनिक निवडायचं आणि ऑनलाईन बदलून घ्यायचं.

तिसरं, सेहत ओपीडी. मे 2021 मध्ये संरक्षण खात्यानं सुरू केलेली, घरून व्हिडिओ कॉलवर सैन्याच्या डॉक्टरशी बोलायचं, प्रिस्क्रिप्शन मोबाईलवर येतं. पोटात जळजळ, अंगावर पुरळ, रिपोर्ट दाखवायचाय, अशा गोष्टींना उत्तम. आजोबांना जमत नसेल तर नातवानं लावून द्यायचं, फक्त नातवानं नंतर फोन त्यांच्या हातात देऊन बाहेर जावं, कारण म्हातारा माणूस नातवासमोर लघवीचा त्रास सांगत नाही.

रेफरल म्हणजे काय आणि ते देताना एवढं का अडतं?

पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरनं सिस्टीमवर दिलेली चिठ्ठी, ज्याच्यावर प्रायव्हेट हॉस्पिटल तुम्हाला कॅशलेस घेतं. ती नसेल तर साध्या, म्हणजे इमर्जन्सी नसलेल्या उपचारांचे पैसे तुमच्या खिशातून. अडतं अनेक कारणांनी. कधी डॉक्टरच नसतो, कारण पॉलिक्लिनिकचे डॉक्टर आणि स्टाफ कंत्राटी असतात, लहान गावात त्या मानधनावर चांगला डॉक्टर टिकत नाही, फिजिशियन सोडून गेला की खुर्ची महिनोन् महिने रिकामी. कधी सर्व्हर डाऊन. कधी जवळ मिलिटरी हॉस्पिटल असेल आणि तिथं तो स्पेशालिस्ट असेल तर आधी तिकडं जा म्हणतात.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते आणि तिच्यामुळं लोक परत येतात. हॉस्पिटल पॅनेलवर (करार केलेल्यांच्या यादीत) असतं म्हणजे तिथला प्रत्येक विभाग पॅनेलवर असतो असं नाही. करार ठरावीक सुविधांसाठी असतो. तुम्ही गुडघ्यासाठी जाता आणि काउंटरवर सांगतात की आमचं फक्त हार्ट आणि किडनीचं आहे. म्हणून चिठ्ठी घेतानाच विचारायचं, "साहेब, या हॉस्पिटलला ऑर्थो आहे का?" आणि शक्य असेल तर निघण्याआधी हॉस्पिटलच्या ईसीएचएस डेस्कला फोन करून खात्री करायची. हॉस्पिटल कुठलं निवडायचं हा हक्क पॅनेलच्या यादीत तुमचाच आहे, कुणी एकाच हॉस्पिटलचं नाव पुढं ढकलत असेल तर नम्रपणे यादी मागा.

चिठ्ठीला मुदत असते, किती व्हिजिट चालतात तेही ठरलेलं असतं. मुदत संपलेली चिठ्ठी घेऊन पुण्याला जाऊ नका. आणि वयस्कर मेंबरना स्पेशालिस्टच्या ओपीडीसाठी चिठ्ठीशिवाय थेट पॅनेल हॉस्पिटलला जायची सवलत आहे. ही सवलत गावात कुणालाच माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं कारण ती ज्यांच्यासाठी केली तेच लोक अजून पॉलिक्लिनिकच्या बाकावर बसलेले दिसतात. वयाची अट सध्या किती आहे ते पॉलिक्लिनिकला विचारा आणि घरात 70 च्या पुढचं कुणी असेल तर आजच विचारा.

हॉस्पिटल म्हणतंय "ईसीएचएसचे बेड फुल आहेत" किंवा "सध्या आम्ही ईसीएचएस घेत नाही". काय करायचं?

तिथून हलायचं नाही, भांडायचंही नाही. काउंटरवरून बाजूला व्हा आणि तिथूनच पॉलिक्लिनिकच्या ओआयसीला (तिथल्या प्रमुख अधिकाऱ्याला) फोन लावा. ज्यानं नकार दिला त्याचं नाव, वेळ, तारीख कागदावर लिहा. "हे मला लिहून द्या" असं शांतपणे म्हणा. लिहून कुणी देत नाही, पण लिहून द्या म्हटल्यावर बऱ्याच वेळा बेड निघतो हे मी डोळ्यानं बघितलंय. करारात असलेल्या हॉस्पिटलला कारण नसताना मेंबरला नाकारता येत नाही आणि कॅशलेस पेशंटकडून डिपॉझिट किंवा वरचे पैसे मागता येत नाहीत. तक्रारी आल्या की नोटीस निघते, पॅनेलवरून काढताही येतं.

पण हॉस्पिटलवाले असं का करतात तेही समजून घ्या. बिलं वेळेवर मिळत नाहीत ही त्यांची जुनी ओरड आहे, आणि ती खोटी नाही. शिवाय पैसे सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या दरानं मिळतात आणि बरेचसे दर 2014 च्या सुमाराचे तसेच चालू होते. ऑक्टोबर 2025 मध्ये सीजीएचएसचे नवीन दर आले आणि डिसेंबर 2025 पासून ते ईसीएचएसलाही लागू झाले, त्यामुळे थोडा फरक पडेल अशी आशा आहे. तरी त्यात एक मेख आहे. दर शहराप्रमाणे असतात. मुंबई पुण्याला पहिला दर, कोल्हापूर, सांगली, सोलापूर अशा दुसऱ्या गटाला त्याहून 10 टक्के कमी आणि साताऱ्यासारख्या तिसऱ्या गटाला 20 टक्के कमी. म्हणजे जिथं हॉस्पिटलं आधीच कमी तिथं त्यांना पॅनेलवर यायला कारणही कमी. व्हेंटिलेटर, स्टेंट, सोनोग्राफीचं मशीन साताऱ्यात काही 20 टक्के स्वस्त मिळत नाही. गावाकडचा माजी सैनिक शेवटी पुण्याला का पळतो याचं एक मोठं कारण हे आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्री छातीत दुखायला लागलं तर? तेव्हा पॉलिक्लिनिक बंद असतं.

इमर्जन्सीत चिठ्ठी लागत नाही. परत लिहितो, इमर्जन्सीत चिठ्ठी लागत नाही. हार्ट अटॅक, लकवा, जोराचा दमा, मोठा अपघात, पोटात असह्य दुखणं, विषबाधा, साप चावणं, हे सगळं यात येतं. सर्पदंश तर आपल्या भागात भातलावणीच्या दिवसांत होतोच आणि लोक पॉलिक्लिनिक उघडायची वाट बघत बसतात, बसू नका, सरकारी दवाखाना जवळ असेल तर तिथं आधी इंजेक्शन घ्या.

हॉस्पिटल पॅनेलवरचं असेल तर कार्ड दाखवा. ईसीएचएसला 48 तासांच्या आत ऑनलाईन कळवणं हे हॉस्पिटलचं काम. पैसे भरायचे नाहीत. तरी तुम्ही स्वतः डेस्कला विचारा की रिपोर्ट टाकला का, कारण रात्री ॲडमिट झालेल्या पेशंटचं कॅज्युअल्टीमधून डेस्कपर्यंत कुणी सांगतच नाही आणि सकाळी बिल हातात पडतं.

हॉस्पिटल पॅनेलवर नसेल तर 48 तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला तुम्ही कळवायचं. फोन करा आणि मेल किंवा मेसेज पण करा, म्हणजे पुरावा राहतो. पैसे तुम्हाला आधी भरावे लागतील, नंतर क्लेम करायचा, आणि मिळणार ते सीजीएचएसच्या दरानं, म्हणजे दीड लाख भरले तर दीड लाख परत येतील असं धरून चालू नका. म्हणून माणूस जरा स्थिर झाला की पॅनेलच्या हॉस्पिटलला हलवायचं बघा. क्लेमसाठी ओरिजिनल बिलं, डिस्चार्ज कार्ड, सगळे रिपोर्ट आणि डॉक्टरचं इमर्जन्सी सर्टिफिकेट लागतं. हे सर्टिफिकेट डिस्चार्जच्याच दिवशी घ्या. महिन्यानं गेलात तर तो डॉक्टर सुट्टीवर असतो, सही करायला दुसरा कुणी तयार नसतो आणि तेवढ्या एका कागदावर क्लेम अडकतो.

रात्री गाडी नसेल तर 108.

औषधं मिळत नाहीत, बाहेरून आणली तर पैसे मिळतात का?

मिळतात, पण त्याची पद्धत आहे. खिडकीवर औषध नसेल तर "नाही" असं तोंडी ऐकून घरी येऊ नका, नॉट अव्हेलेबल म्हणून लिहून घ्या, आपण ज्याला एनए स्लिप म्हणतो ती. काही ठिकाणी ठरवलेल्या लोकल केमिस्टकडून पॉलिक्लिनिकच मागवून देतं, तिथं दोन दिवसांनी परत यायला सांगतात आणि लांबच्या माणसाला तेच परवडत नाही. बाहेरून विकत घेतली तर प्रिस्क्रिप्शनची कॉपी, एनएचा शिक्का, केमिस्टचं पक्कं बिल, बॅच नंबरसकट. गावच्या मेडिकलमधून कच्च्या चिठ्ठीवर घेतलेलं काही उपयोगाचं नाही.

ब्रँड बदलला म्हणून घाबरू नका. पांढऱ्या गोळीच्या जागी गुलाबी आली की आमचे लोक ती ठेवून देतात आणि बीपी वाढवून घेतात. पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव बघा किंवा कुणाला तरी वाचायला सांगा.

आमचे मालक वारले. कार्डावर माझं नाव आहे की नाही तेच माहीत नाही. मला मिळेल का?

मिळेल ताई, फॅमिली पेन्शन घेणाऱ्या पत्नीला पूर्ण हक्क आहे. पण खरी लढाई इथंच होते आणि मला सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे येतात.

अडचण नावाची. 1974 साली भरती झालेल्या जवानानं लग्नाची माहिती युनिटला दिली, क्लार्क पंजाबचा नाहीतर तमिळनाडूचा, त्यानं ऐकू आलं तसं लिहिलं. रेकॉर्डला नाव "होसा बाई", आधारवर "हौसाबाई", नवऱ्याचं नाव आणि आडनाव जोडून, आणि बँकेत माहेरचंच नाव. जन्मतारीख तर रेकॉर्डला एक आणि आधारवर 1 जानेवारी, कारण आधार काढणाऱ्या पोरानं साल विचारलं आणि बाकी स्वतः टाकलं. हे तिन्ही कागद समोरासमोर ठेवले की कॉम्प्युटरच्या दृष्टीनं त्या तीन वेगळ्या बायका होतात. मालक असताना त्यांच्या कार्डावर सगळं चालून जातं, ते गेल्यावर एकदम बंद पडतं, आणि ते सुद्धा घर दुःखात असताना.

दुरुस्ती जवानाची सर्व्हिसची नोंद जिथं असते त्या रेकॉर्ड ऑफिसमधून होते. मराठा एलआयचं बेळगाव, तोफखान्याचं नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सचं खडकी, आर्मर्डचं अहिल्यानगर, सिग्नल्सचं जबलपूर. नेव्हीच्या सेलर्सचं मुंबईत मानखुर्दला. तिकडं जायची गरज नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज भरून घ्या, तिथले कल्याण संघटक हे काम जाणतात. ॲफिडेव्हिट, आधार, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) कॉपी, डिस्चार्ज बुक लागतं. पेन्शन स्पर्शवर (संरक्षण खात्याच्या ऑनलाईन पेन्शन पोर्टलवर) असेल तर तिथंही नाव तेच दिसतंय का ते बघा, आणि नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला चुकवू नका.

आणि हे पुरुषांसाठी लिहितो. साहेबांनो, तुम्ही धडधाकट असताना हे करून ठेवा. सगळी कागदं एका पिशवीत, पिशवी कुठं आहे ते बायकोला माहीत, आणि तिला एकदा बरोबर घेऊन पॉलिक्लिनिक दाखवा, खिडकी कुठली, डॉक्टर कुठं बसतात, कार्ड कसं लावायचं. तीस वर्षं सीमेवर असताना घर, शेती, म्हातारे सासू-सासरे तिनं एकटीनं सांभाळले, तिला या एका ऑफिसात कुणापुढं हात जोडायची पाळी येऊ नये. डिस्चार्ज बुकला लॅमिनेशन करू नका, नंतर त्याच्यावर नोंद किंवा शिक्का घ्यायचा झाला तर पंचाईत होते. झेरॉक्स काढा आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवा.

मुलं आणि आई-वडील कार्डावर येतात का?

मुलगा 25 वर्षांपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत, जे आधी होईल ते, आणि लग्न झालेलं नसावं. मुलगी लग्न होईपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत. घटस्फोटित किंवा विधवा मुलगी परत तुमच्यावर अवलंबून असेल तर ती येऊ शकते, हे लोकांना माहीत नसतं. दिव्यांग मुलाला वयाची अट नाही. आई-वडिलांचं उत्पन्न महिन्याला 9,000 रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता याच्या आत असेल आणि ते तुमच्यावर अवलंबून असतील तर तेही. सगळ्यांचं नाव आधी सर्व्हिस रेकॉर्डला पाहिजे, म्हणजे तशी नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर निघालेली पाहिजे. नोकरी लागलेल्या मुलाचं कार्ड चालू ठेवून वापरू नका, पकडलं गेलं तर अख्ख्या घराचं कार्ड अडचणीत येतं.

माझं जुनं कार्ड आहे, चालेल का?

आता 64 केबीचं कार्ड आहे, जुनं असेल तर ऑनलाईन अर्ज करून बदला. अर्ज मंजूर झाल्यावर कार्ड येईपर्यंत टेंपररी स्लिप मिळते, तिच्यावर उपचार होतात. सीएससी (ऑनलाईन सरकारी अर्ज भरून देणाऱ्या) सेंटरवर अर्ज भरताना शेजारी बसून प्रत्येक स्पेलिंग स्वतः तपासा आणि मोबाईल नंबर स्वतःचाच द्या, सेंटरवाल्याचा नको.

थेट मिलिटरी हॉस्पिटलमध्ये जाता येतं का?

येतं. माजी सैनिकांना एमएचमध्ये उपचार मिळतात, पण जागा असेल तर, कारण पहिला हक्क सर्व्हिसमधल्या जवानाचा, आणि ते बरोबरच आहे. महाराष्ट्रात पुण्याचं कमांड हॉस्पिटल, खडकी, देवळाली, अहिल्यानगर, कामठीचं एमएच, कुलाब्याला नेव्हीचं अश्विनी. गोव्यात वास्कोला जीवंती. पाय किंवा हात गमावलेल्यांसाठी पुण्याचं आर्टिफिशियल लिम्ब सेंटर 1944 पासून आहे, बाहेर कुठं कृत्रिम पायासाठी पैसे घालण्याआधी तिथं चौकशी करा. मणक्याला मार लागून खालचं अंग गेलेल्यांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर. ही नावं गावातल्या लोकांना सांगावी लागतात याचंच मला नवल वाटतं.

माझं वय 72 आहे, आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढू का?

थांबा आणि विचार करा. ऑक्टोबर 2024 पासून 70 च्या वरच्या सगळ्यांना वर्षाला 5 लाखांचं ते कव्हर आहे, पण ईसीएचएस असलेल्यांनी दोन्हींपैकी एकच निवडायचंय. ईसीएचएसला मर्यादा नाही आणि ओपीडी, औषधं पण आहेत, आयुष्मान हे ॲडमिट होण्यासाठी. गावातल्या कॅम्पमध्ये गर्दीत अंगठा देऊन टाकू नका. ज्यांच्याकडं ईसीएचएस नाहीच त्यांनी मात्र लगेच काढावं, आणि महाराष्ट्रातली महात्मा फुले जन आरोग्य योजनाही बघावी.

मी सात-आठ वर्षं नोकरी करून आलो, पेन्शन नाही. मला काय?

पेन्शन नसलेल्या जवानाला ईसीएचएस नाही, हे कटू आहे पण आहे तसंच सांगतो. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून औषधोपचारासाठी अनुदान मिळतं, मोठ्या आजारांसाठी वेगळं, अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून. पैसे उपचारानंतर येतात त्यामुळे प्रत्येक बिल जपून ठेवा. त्याच्या जोडीला महात्मा फुले योजना.

बीएसएफ, सीआरपीएफमधून रिटायर झालोय.

तुमची सोय ईसीएचएसमध्ये नाही, ती गृह खात्याकडून सीजीएचएसमध्ये, आणि सीजीएचएसची सेंटर महाराष्ट्रात मोजक्याच शहरांत. म्हणजे गावाकडं तुमचे हाल आमच्यापेक्षा जास्त, हे मान्य केलं पाहिजे.

माझा मुलगा अग्निवीर आहे. चार वर्षांनी घरी आला तर?

आजच्या नियमाप्रमाणं त्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. पहिल्या बॅचची चार वर्षं आता पूर्ण होत आली आहेत. म्हणून सेवानिधीचे (चार वर्षांनी मिळणारे एकरकमी) पैसे हातात आले की त्यातून पहिल्यांदा त्याची आणि घराची हेल्थ पॉलिसी घ्या, गाडी नंतर. आणि सर्व्हिसमध्ये असताना काही दुखापत झाली असेल तर त्याचा प्रत्येक मेडिकल कागद त्यानं बरोबर आणावा. तोफेजवळ चार वर्षं काढलेल्या पोराच्या कानाला पुढं दहा वर्षांनी काय होईल ते आज दिसत नाही. माझ्या मते या पोरांसाठी निदान दवाखान्याची सोय तरी व्हायला पाहिजे, आणि ही मागणी आपल्या सगळ्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

वडिलांना झोप लागत नाही, चिडतात, एकटे बसतात. हा आजार आहे का?

असू शकतो. आणि तो दारूमागं लपतो, त्यामुळं घरच्यांना वाटतं दारूच आजार आहे. 14416 हा टेली मानसचा नंबर आहे, कधीही लावा, मराठीतही बोलतात, फुकट आहे. सैन्यासाठी टेली मानसचा वेगळा सेल डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीमध्येच (सैन्याच्या मेडिकल कॉलेजात) सुरू झाला, म्हणजे जवानाचं आयुष्य माहीत असलेली माणसं ऐकायला आहेत. पॉलिक्लिनिकमधून मानसोपचाराचं रेफरलही मिळतं. आधी बायकोनं किंवा मुलीनं फोन केला तरी चालतो. वडील स्वतःहून सांगणार नाहीत, फौजेत "मला जमत नाही" म्हणायची सवय कुणी लावलेली नसते.

कानाचं मशीन मिळतं का?

मिळतं, ईएनटीच्या सल्ल्यानं आणि ठरलेल्या किमतीपर्यंत, त्याच्या वरचं महागडं घेतलं तर फरक तुमचा. आधी मंजुरी, मग खरेदी.

तक्रार कुठं करायची?

आधी ओआयसी, लेखी, पोच घेऊन. मग स्टेशन हेडक्वार्टर, कारण पॉलिक्लिनिक त्यांच्या हाताखाली चालतं. मग रिजनल सेंटर, आपल्याकडं पुणे, मुंबई आणि नागपूरला. तरी हललं नाही तर केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल, तिथं नंबर मिळतो आणि उत्तर द्यावंच लागतं. अडकलेल्या क्लेमबद्दल माहिती अधिकारात विचारता येतं की फाईल कुणाच्या टेबलावर कधीपासून आहे. तक्रार एका पानात, एका घटनेची, तारीख आणि वेळ घालून लिहा. "नेहमीच त्रास देतात" असं लिहिलं तर कुणी काही करू शकत नाही, "12 तारखेला सकाळी अकरा वाजता इन्सुलिन नाही म्हणून परत पाठवलं आणि एनए स्लिप दिली नाही" असं लिहिलं तर उत्तर द्यावं लागतं. आणि कंत्राटी नर्सवर राग काढू नका, ती बिचारी एकटी तीन माणसांचं काम करत असते. डॉक्टरची जागा रिकामी असेल तर तक्रार त्या रिकाम्या जागेची करा, चार गावच्या लोकांनी मिळून सह्या करून करा.

मुलाकडं पुण्याला किंवा बंगलोरला राहायला गेलो तर?

कार्ड देशभर कुठल्याही पॉलिक्लिनिकला चालतं. थोड्या दिवसांसाठी असाल तर तसंच जा, जुनी प्रिस्क्रिप्शन आणि रिपोर्ट बरोबर घ्या. वर्षभर राहणार असाल तर पेरेंट पॉलिक्लिनिक बदलून घ्या, नाहीतर कायमच्या औषधांना अडचण येते. परत गावी आलात की परत बदला, आणि निघण्याआधी तिथल्या डॉक्टरकडून महिन्याची औषधं घेऊनच एसटीत बसा.